बालकांतील दीर्घकालीन आंत्रविकार : आतुर व उपस्थाता यांचे सबलीकरण

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले. प्रत्येकाचे चार गुण, असे मिळून सोळा गुण. महाविद्यालयात असताना आपण सर्वांनीच हे पाठ केलेले असते, परीक्षेत त्यावर हमखास टीप येते, आणि पुढे व्यवसायात उतरल्यावर आपण यांपैकी दोनच पादांचा विचार करीत राहतो : स्वतःचा आणि औषधाचा. आपली संमेलने, आपली चर्चासत्रे, एवढेच काय प्रस्तुत त्रैमासिकाचे बहुसंख्य लेखही द्रव्य आणि कल्प यांभोवतीच फिरतात. रोगी हाही पाद आहे, म्हणजे चिकित्सेचा भार तोही उचलतो, याचे भान चिकित्सालयात क्वचितच राहते. रोगी दहा वर्षांचा असेल तर ते मुळीच राहत नाही. आई लक्षणे सांगते, वडील खर्च विचारतात, वैद्य नाडी पाहून औषध लिहितो, आणि ज्याचे पोट दुखते तो भिंतीवरील दिनदर्शिकेकडे पाहत बसलेला असतो.

अतिसार वा छर्दीसारख्या आशु व्याधीत एवढ्याने भागून जाते. परंतु क्रोहन्स डिसीज व अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आंत्राचे जीर्ण दाहात्मक विकार वर्षानुवर्षे चालणारे, शमणारे व पुन्हा उफाळणारे आहेत. त्यांचा आरंभ बरेचदा विशीच्या आतच होतो. अशा व्याधीत रोजची चिकित्सा घरी होते. वैद्य महिन्यातून एकदा भेटतो, विशेषज्ञ तीन महिन्यांतून एकदा. उरलेले सर्व दिवस मूल व त्याचे पालकच व्याधी सांभाळीत असतात. त्यांना त्या कामासाठी तयार करणे हा चिकित्सेचाच भाग आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी बसणाऱ्या वैद्याला ते इतर कोणाहूनही अधिक चांगले साधू शकते, असे आमचे प्रतिपादन आहे.

मुळशी तालुक्यात या बाबतीत दोन जगे शेजारी शेजारी नांदतात. हिंजवडी, भूगाव परिसरातील नव्या वसाहतींतून येणारे पालक जाडजूड फाइल घेऊन येतात. त्यांनी संगणकावर सर्व वाचलेले असते व त्यांचा प्रश्न एवढाच असतो की आयुर्वेदाने हे मुळापासून जाईल का. मुठा खोऱ्यातून किंवा ताम्हिणीकडील वाड्यांतून येणाऱ्या पालकांजवळ कागद नसतो. ‘पोराला आव पडते, अंगाला खाल्लेलं लागत नाही’ एवढेच ते सांगतात. घाटमाथ्यावरून भर पावसात पुण्याला तपासणीसाठी जाणे म्हणजे एक पूर्ण दिवस आणि दोघांची मजुरी. पहिल्या पालकांना माहिती फार झालेली असते, दुसऱ्यांना ती मिळालेलीच नसते. मूल मात्र दोन्ही घरांत सारखेच गप्प असते.

निदान आधी

सबलीकरणाची भाषा करण्यापूर्वी निदान पक्के हवे. ग्रहणी, प्रवाहिका, रक्तातिसार ही आपली निदाने लक्षणांवर उभी आहेत व ती उपयुक्त आहेत. परंतु अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे रक्तातिसार किंवा क्रोहन्स म्हणजे ग्रहणी असे समीकरण मांडून मोकळे होणे धोक्याचे आहे. एकाच मुलात आज प्रवाहिकेची, सहा महिन्यांनी ग्रहणीची व वर्षाने शोषाची लक्षणे दिसू शकतात, आणि तेवढ्या काळात त्याची उंची वाढण्याची वर्षे निघून गेलेली असतात.

काही गोष्टी दिसताच मुलाला पुढे पाठवावे. चार-सहा आठवड्यांहून अधिक काळ चाललेले जुलाब, शौचावाटे रक्त, रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागणे, वजन घटणे, वारंवार मुखपाक, सांधे सुजणे, कारण न सापडणारा पांडू व ज्वर. वर्षभरात उंची न वाढणे हे लक्षण तर क्रोहन्समध्ये पोटाच्या तक्रारींच्याही आधी दिसू शकते. गुदाजवळ कातडीचा कोंब, न भरणारा चीर किंवा भगंदर दिसल्यास लहान मुलाला ‘मूळव्याध’ म्हणण्यापूर्वी शंभर वेळा विचार करावा. लहान वयात अर्श विरळाच असतो, आणि गुदाभोवतीचा कोंब हे क्रोहन्सचे पहिले दर्शनी चिन्ह असू शकते. कृमी समजून तीन-तीन वेळा जंतनाशक घेतलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

शौचातील कॅलप्रोटेक्टिन ही तपासणी पुण्यातील मोठ्या प्रयोगशाळांत होते. सुई टोचावी लागत नाही, म्हणून मूलही घाबरत नाही. हे प्रमाण वाढलेले असेल तर आंत्रात दाह आहे एवढे कळते. तो कशाचा, हे कळत नाही. साधा जंतुसंसर्गही ते वाढवितो, आणि चार वर्षांखालील मुलांत ते मुळातच अधिक असते. शेवटचा निर्णय कोलोनोस्कोपी व बायोप्सीनेच होतो. आपल्या देशात आंत्राचा क्षय व क्रोहन्स हे दुर्बिणीतूनही जुळ्या भावंडांसारखे दिसतात, आणि क्षय असताना क्रोहन्स समजून स्टिरॉइड दिले गेले तर अनर्थ होतो. घरात कोणाला क्षय होऊन गेला आहे का, हा प्रश्न अशा वेळी नाडीपरीक्षेइतकाच महत्त्वाचा आहे. सहा वर्षांच्या आत सुरू झालेला विकार वेगळ्या प्रकारचा, क्वचित एकाच जनुकातील दोषाने झालेला असतो. तेथे स्थानिक पातळीवर एक आठवडाही घालवू नये.

पुणे जिल्ह्यातील एक जुना धडा

पालकांच्या हाती ज्ञान दिल्याने बालरोगाचे चित्र कसे पालटते याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. व्याधी यकृताचा होता, आंत्राचा नव्हे. पण उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलांना होणारा ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ हा विकार एकेकाळी घरेच्या घरे उजाड करी. एकाच आईची दोन-तीन मुले त्याने जात. यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड वाढलेले असे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे व ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या तांब्याचा माग घेतला. १९८३ व १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधांतून स्पष्ट झाले ते असे की, फार लवकर सुरू केलेले गाई-म्हशीचे दूध पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापविले व साठविले जाई आणि दुधातील प्रथिनाला चिकटून तांबे बालकाच्या पोटात जाई. कल्हई उडालेले भांडे घरोघर होते. दोष कोणाच्याही डोळ्यांना दिसत नव्हता.

उपाय आईच्या हातात होता. अंगावरचे दूध पाजावे आणि वरचे दूध पितळेत तापवू नये, एवढाच. स्टीलची भांडी स्वस्त होऊन घरोघर आली, हेही खरे. दोहोंमुळे नंतरच्या काळात हा विकार जवळजवळ नाहीसा झाला; आजच्या तरुण वैद्यांपैकी अनेकांनी तो पाहिलेलाही नसेल. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की त्या मातांना कोणी ‘तुमच्या हाताने झाले’ असे सांगितले असते तर त्या पुन्हा दवाखान्याची पायरी चढल्या नसत्या. भांड्याला दोष दिला गेला, आईला नाही.

आंत्रविकारात मात्र असे एकच भांडे सापडत नाही. प्रकृती, जनुके, आंत्रातील जीवाणू, आहारातील बदल अशी अनेक कारणे एकत्र येतात व त्यांतील बहुतेकांवर कुटुंबाचा ताबा नसतो. म्हणूनच ‘बिस्किटे खायला दिलीत म्हणून झाले’ हे वाक्य वैद्याच्या तोंडून जाऊ नये. सासू ते वाक्य उचलते, आणि पुढील पाच वर्षे ती सून स्वयंपाकघरात अपराध्यासारखी वावरते. उपस्थात्याच्या गुणांत उपचारज्ञता, दाक्ष्य व शौच यांच्या जोडीला अनुराग सांगितला आहे. अपराधभावनेने खचलेल्या आईचा अनुराग भीतीत बदलतो व मग ती मुलाला शाळेतही पाठवेनाशी होते.

ज्ञापकत्व

रोग्याचे चार गुण म्हणजे स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. आपण मुलाकडून केवळ निर्देशकारित्वाची, म्हणजे सांगितलेले ऐकण्याची अपेक्षा धरतो. वाग्भटांनी आपल्या यादीत ‘आढ्य’ हा गुण घातला आहे. इन्फ्लिक्सिमॅबच्या एका मात्रेची किंमत ऐकली की आचार्य किती व्यवहारज्ञ होते ते पटते! पण ज्ञापक हा शब्द त्यांनीही सोडलेला नाही. जे होत आहे ते ओळखता येणे व सांगता येणे. काश्यपसंहितेतील वेदनाध्याय बोलता न येणाऱ्या बालकासाठी आहे : स्तन सोडून रडणे, पोट ताठ होणे, तोंडावर घाम येणे यांवरून वैद्याने शूल ओळखावयाचा. बोलता येणाऱ्या अन्नाद बालकालाही आपण त्याच रीतीने, जणू त्याला वाचाच नाही असे तपासतो, हे खटकते.

ज्ञापकत्व उपजत नसते. ते शिकवावे लागते. पहिली अडचण शब्दांची. शौचाविषयी बोलण्याची आपल्या घरांत लाज आहे. मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की विषयच बंद होतो. आम्ही पहिल्या भेटीत मुलाला विचारतो की तुमच्या घरी याला काय म्हणतात? मूल जो शब्द सांगेल तोच पुढे वापरावयाचा. त्यानंतर व्याधी समजावून सांगावयाचा. तोंडात फोड आल्यावर तिखट कसे झोंबते हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते; तसेच फोड आतड्याच्या आतल्या कातडीला आले आहेत, म्हणून दुखते, म्हणून रक्त येते. हे तुझ्या चुकीने झालेले नाही आणि तुझ्यापासून दुसऱ्या कोणाला होणारही नाही. ही दोन वाक्ये आईवडिलांसमक्ष सांगावी, कारण ऐकण्याची गरज त्यांनाही तितकीच असते.

मोजमापासाठी अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये एक सोपे साधन उपलब्ध आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्युकाय’ या गुणपद्धतीत एकही रक्ततपासणी लागत नाही. पोटदुखी, शौचातील रक्त, शौचाचे स्वरूप, दिवसातील वेळा, रात्रीचे उठणे आणि खेळण्या-वागण्यावर पडलेली मर्यादा अशा सहा प्रश्नांना मिळून ८५ गुण. १० पेक्षा कमी असता व्याधी शमलेला, ३४ पर्यंत सौम्य, ३५ ते ६४ मध्यम आणि ६५ वा अधिक असता तीव्र समजून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावयाचे. यातील सर्वांत अधिक, ३० गुण रक्ताला आहेत, आणि ते मुलाखेरीज कोणीही पाहिलेले नसते. आठ वर्षांवरील मूल हे प्रश्न सहज समजते.

मुठा खोऱ्यातील एका मुलीचे उदाहरण येथे देतो. वय अकरा, वडील पिरंगुट येथे कारखान्यात, आई शेतावर. पुण्यात अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान होऊन मेसालामाइन सुरू झालेले. आमच्याकडे आली तेव्हा तिला एक शंभर पानी वही करावयास सांगितली. रोज एक ओळ. किती वेळा, रक्त दिसले का, रात्री उठावे लागले का, दुखले का, गोळी घेतली का. तिने रात्रीच्या रकान्यात शब्दाऐवजी चंद्राची कोर काढण्यास सुरुवात केली व रक्तासाठी लाल पेन्सिल वापरली. चार महिन्यांत वहीत चंद्र उरला नाही, प्युकायचे गुण शून्यावर आले. पुढील दोन महिने ती आली नाही. भातलावणीचे दिवस होते, आम्हीही ते धरून चाललो. नंतर आली ती वडिलांबरोबर, आणि वडिलांचे म्हणणे असे की पोर चांगली होती, यंदाच्या पाण्याने बिघडली. मुलीने काही न बोलता वही पुढे केली. गोळीचा रकाना सलग तेवीस दिवस रिकामा होता. त्यातील अठराव्या दिवशी पहिला चंद्र, विसाव्या दिवशी लाल रेघ. त्या दिवशीचे गुण ५० होते. गोळ्या वडिलांनी बंद केल्या होत्या; बरे वाटत असताना पोरीला औषधाची सवय नको, या समजुतीने. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आम्ही काहीही न बोलता ते पान त्यांच्यापुढे ठेवले. बराच वेळ ते पाहत राहिले आणि मग मुलीलाच विचारते झाले, ‘मग तू सांगितलं का नाहीस?’ तिचे उत्तर होते, ‘लिहिलं होतं की.’

शौचाची तपासणी करून जंतुसंसर्ग नसल्याची खात्री केली, त्याच दिवशी विशेषज्ञांशी दूरध्वनीवर बोलून औषध पुन्हा सुरू झाले. या वेळी स्टिरॉइडची गरज पडली नाही. वही नसती तर आपण सर्वांनीच पावसाळा, दूषित जल आणि वर्षा ऋतूतील अग्निमांद्य यांना दोष देऊन कुटज सुरू केला असता. पावसाळ्यात आमच्या भागात जलजन्य अतिसार असतोच, आणि म्हणूनच हा गोंधळ दरवर्षी होतो. मुलीने लिहून ठेवले होते, पण बोलण्याचे धाडस तिला झाले नाही, हेही तितकेच लक्षात घ्यावयास हवे. चौथा गुण आला होता, तिसरा अजून यावयाचा होता.

अभीरुत्वाविषयी चरकांनी अतिसाराच्या अध्यायातच एक दिशा दिली आहे. सहा प्रकारांत भयज व शोकज अतिसार स्वतंत्र सांगून त्यांवर हर्षण व आश्वासन हे उपाय सांगितले. याचा गैरअर्थ मात्र करू नये. परीक्षेच्या भीतीने मुलाला चार वेळा शौचास होईल. भीतीने रक्त पडत नाही आणि गाढ झोपेतून उठविले जात नाही. भीती हे व्याधीचे कारण नसले तरी व्याधीची सोबतीण असते, आणि आश्वासन म्हणजे ‘काही होत नाही’ असे म्हणणे नव्हे. बारा वर्षांपुढील मुलाशी प्रत्येक भेटीत पाच मिनिटे तरी पालकांना बाहेर बसवून बोलावे. त्या पाच मिनिटांत जे कळते ते पंधरा दिवसांच्या वहीतही नसते. मुलगी मोठी होत असेल तर ‘हिचे लग्न कसे व्हायचे’ हा प्रश्न तिच्या कानांवर पडलेला असतो, आणि बहुधा तो ती कोणाला विचारू शकत नाही.

पथ्याचा अतिरेक

या विषयात आपल्या व्यवसायाकडून सर्वांत अधिक हानी औषधाने नव्हे, पथ्याच्या कागदाने होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. छापील यादी प्रौढाच्या ग्रहणीसाठी केलेली असते : दूध बंद, गहू बंद, डाळी बंद, फळे बंद, आंबट बंद, तेलकट बंद. मूल उरलेल्या मऊ भातावर जगू लागते. शौच कमी होते, कारण पोटात काही जातच नाही, आणि सर्वांना गुण आल्यासारखे वाटते. वजनकाट्यावर मात्र दोन महिन्यांत दोन किलो कमी. वाढत्या वयाच्या बालकाला लंघन देताना आपण कोणते बळ खर्ची घालीत आहोत याचा विचार व्हावा. राजयक्ष्म्यात क्षीण रोग्याचे बळ मळावर अवलंबून असते, म्हणून तो जपावा, असे चरकांनी सांगितले. कृश बालकाला विरेचन लिहिताना तो संदर्भ आठवावा.

पाश्चात्त्य वैद्यकात बालकांतील क्रोहन्सवर सहा ते आठ आठवडे इतर सर्व अन्न बंद ठेवून केवळ परिपूर्ण द्रव आहार देणे हा पहिल्या पसंतीचा उपचार मानला जातो. त्याने दाह शमतो, आंत्राचा आतील थर भरून येतो व स्टिरॉइड टळते. हे वाचताच आपल्याला पर्पटीसह दिला जाणारा दुग्धकल्प व तक्रकल्प आठवतो, आणि साम्य निश्चितच विचार करण्याजोगे आहे. तथापि दोन्ही एकच आहेत असे म्हणू नये. त्या द्रव आहारात प्रथिने, मेद, लोह, जीवनसत्त्वे मोजून घातलेली असतात. केवळ गाईच्या दुधावर वा ताकावर दहा वर्षांचे मूल दोन महिने ठेवले तर पांडू बळावेल.

व्यवहारात पुढील पद्धत बरी पडते. उफाळलेल्या अवस्थेत तांदळाची पेज, मऊ भात व मुगाचे वरण, भाज्या शिजवून व गाळून, डाळिंबाचा रस, आणि ज्याला सोसते त्याला लोणी काढलेले ताजे ताक. मुळशी-मावळात आंबेमोहोर व इंद्रायणी घरचा असतो. त्याची पेज मूल आवडीने पिते, हा लाभ सोडू नये. आतडे अरुंद झालेले असेल तर मक्याचे कणीस, पेरूच्या बिया, हरभरा यांना खरोखर मनाई हवी. शमलेल्या अवस्थेत मात्र नाचणीची भाकरी, अंडे, दही, केळे, घरातील बहुतेक सर्व अन्न परत आणावे. एक पदार्थ एका वेळी, तीन दिवस, आणि वहीत नोंद. काय सोसत नाही हे मुलाच्या वहीवरून ठरावे. दर महिन्याला वजन व तीन महिन्यांनी उंची त्याच वहीत लिहावी; उंचीची रेघ मुलाने स्वतः दाराच्या चौकटीवर ओढली तर अधिकच उत्तम.

चालू औषधे आणि आपली औषधे

मेसालामाइन, अझाथायोप्रिन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही चालू असलेले मूल आपल्याकडे आले तर पहिले वाक्य ‘ते आधी बंद करा’ हे असू नये. कित्येक आठवडे घेतलेले प्रेडनिसोलोन एकाएकी थांबविल्यास अधिवृक्क ग्रंथी वेळेवर काम करीत नाही व मूल मूर्च्छित होऊ शकते. अझाथायोप्रिन घेणाऱ्या मुलाची रक्तपेशींची व यकृताची तपासणी ठराविक काळाने व्हावीच लागते. ती तारीख पालकांना पाठ असावी. दाहशामक जैविक औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी आणि प्रतिकारशक्ती दबविणारे औषध चालू असता जिवंत लस न देणे, या दोन गोष्टी आशाताईंनाही सांगून ठेवाव्यात.

आपल्या बाजूने बिल्व, कुटज, मुस्ता, दाडिम यांचे सौम्य कल्प दीपन-ग्राही म्हणून आणि रक्त पडत असता मोचरसयुक्त पिच्छाबस्ती यांचा विचार होतो. बस्ती बालकाला देताना त्याची संमती घ्यावी. धरून ठेवून दिलेला बस्ती पुढील दहा वर्षांचा विश्वास घालवितो. पारदयुक्त पर्पटी आम्ही अझाथायोप्रिनसोबत देत नाही. कारण सरळ आहे : यकृताच्या तपासणीत बिघाड आला तर तो कशाने, हे विशेषज्ञाला कळणार नाही आणि आपल्यालाही नाही. हळदीविषयी पालक हमखास विचारतात. जपानमधील २००६ सालच्या अभ्यासात नेहमीच्या औषधांसोबत रोज २ ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्या प्रौढ रुग्णांत सहा महिन्यांत पुनरुद्भव कमी आढळला. दिल्लीच्या एम्समधील २०१७ सालच्या अभ्यासात १५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देऊन काहीही फरक पडला नाही. म्हणजे मात्रा महत्त्वाची, मूळ औषध चालू ठेवणे महत्त्वाचे, आणि रात्रीचे हळदीचे दूध हे औषध नव्हे. जे काही देऊ ते स्वच्छ अक्षरांत, कल्पाच्या नावासह लिहून द्यावे, म्हणजे मूल तो कागद पुण्याच्या डॉक्टरांना दाखवू शकेल. पुडीवर नाव न लिहिण्याची जुनी सवय या मुलांच्या बाबतीत सोडावी लागेल.

शाळेविषयी थोडेच लिहितो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे. प्रत्यक्षात त्याला कुलूप असते किंवा पाणी नसते. मग मूल सकाळपासून काही खात-पीत नाही. वैद्याच्या कागदावर मुख्याध्यापकांना दोन ओळी लिहून द्याव्यात : या विद्यार्थ्याला मागेल तेव्हा, कारण न विचारता बाहेर जाऊ द्यावे, आणि स्वच्छतागृहाची किल्ली त्याला ठाऊक असावी. व्याधीचे नाव लिहावे की नाही हे मुलाला विचारावे. आमच्या अनुभवात शिक्षक अशा चिठ्ठीचा मान राखतात. अडचण असते ती चिठ्ठी कोणी दिलेली नसते एवढीच.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

पालक वैद्याकडे येण्यापूर्वी आणि नंतरही दुकानात येतात. शौचात रक्त जाणाऱ्या वा आंत्रविकाराचे निदान झालेल्या मुलाला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेफेनामिक ॲसिड ही वेदनाशामके देऊ नयेत. त्यांनी व्याधी उफाळतो. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल पुरेसे आहे. जुलाब थांबविणारे लोपेरामाइड रक्ती आवेत देणे धोकादायक आहे. प्रेडनिसोलोन जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा देणे कायद्याने तर गैर आहेच, शिवाय त्यामुळे मुलाची उंची खुंटते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यापूर्वी अशा कुटुंबाला एक महिन्याची औषधे जास्तीची घेऊन ठेवण्यास सुचवावे. घाटरस्ता बंद पडला की गोळी चुकते व पुढे काय होते ते वर सांगितले आहे. पारदयुक्त कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते. ती ग्राहकाला वाचून दाखवावी. आयुर्वेदीय औषधाचेही पक्के बिल, तुकडी क्रमांकासह द्यावे.

मूल सोळा-सतरा वर्षांचे झाले की त्याने आपल्या व्याधीचे नाव, औषधे, मात्रा व शेवटच्या तपासणीची तारीख न अडखळता सांगता यावी. भेटीची वेळ त्याने स्वतः घ्यावी, गोळ्या संपत आल्याचे त्याने सांगावे. अठराव्या वर्षी बालरोग विभाग सुटतो, नवे डॉक्टर भेटतात, शिक्षणासाठी गाव सुटते, आणि नेमक्या याच काळात औषधे सुटतात. पहिल्या कोलोनोस्कोपीचा व बायोप्सीचा अहवाल मूळ प्रतीत मुलाजवळ असावा. अल्सरेटिव्ह कोलायटिस सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी अर्बुदाच्या शक्यतेसाठी कोलोनोस्कोपीने तपासणी सुरू करावयाची असते; तेव्हा मूल विशीत असेल व आपण कदाचित त्याचे वैद्य नसू. यासाठी वहीच्या पहिल्या पानावर लक्षणे सुरू झाल्याचे वर्ष ठळक लिहून ठेवावे, आणि नवी वही घातली की ते पुन्हा उतरवून घ्यावे.